काळ्या मखमलीकडे बघ, ऑली

हेटी टॅपसेलचा चेहरा एके काळी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावात भिंतीवर चिकटवलेला असे. खाली नाव मात्र तिचं नसे. ‘कोरल व्हेन’ असं लिहिलेलं असे. ते नाव दिग्दर्शक मिस्टर पोमफ्रेट यांनी ठेवलं होतं. हेटीचा बाप ब्रायटनच्या धक्क्याजवळ हातगाडीवर व्हिनेगर घातलेली कालवं विकायचा. तो म्हणाला, "नाव बदललं ते बरंच केलं. सिनेमा पडला तर लोक त्या दुसरीला शिव्या घालतील."

ती सिनेमात आली ती उडी मारून. १९११ च्या मार्चमध्ये पोमफ्रेटची मंडळी धक्क्यावर कॅमेरा लावून उभी होती. लंडनहून आणलेल्या नटीने पाण्यात हात घातला, हात झटकला आणि ती परतीच्या गाडीत जाऊन बसली. हेटी बापाच्या गाडीजवळ उभी होती. तिने बूट काढले, बापाच्या हातात दिले आणि धक्क्यावरून उडी मारली. कोणी तिला विचारलंही नव्हतं. वर आली तेव्हा ओठ निळे पडले होते. पोमफ्रेट म्हणाले, "पोरी, पुन्हा मारशील? कॅमेरा चालू नव्हता."

तिने पुन्हा मारली.

पहिलं चित्र पडद्यावर आलं तेव्हा लोक हसले. त्या काळच्या फिल्मवर निळा रंग पांढरा उमटायचा. हेटीचे डोळे फिके निळे. डोळ्यांच्या जागी नुसतं पांढरं दिसत होतं. बाप अंधारात मोठ्याने म्हणाला, "उकडलेल्या मासळीचे डोळे! हे तर धक्क्यावर रोज फुकट दिसतात, ह्याला तिकीट कशाला?" हेटी घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडली. मग कॅमेरावाल्याने उपाय सांगितला. भिंगाच्या शेजारी काळं कापड धरायचं, आणि नटीने त्या काळ्याकडे बघायचं. अंधारात बघितलं की डोळ्यातली बाहुली मोठी होते, आणि डोळा काळाभोर दिसतो. घरात आईच्या सुतकातल्या काळ्या झग्याची मखमल होती. ती हेटीच्या धाकट्या बहिणीने, बेसीने कापली. त्यानंतर आठ वर्षं, जिथे हेटी तिथे बेसी, आणि बेसीच्या हातात ती मखमल.

प्रेक्षक म्हणत, कोरल व्हेनचे डोळे बघा, काय व्याकूळ बघते ती आपल्या माणसाकडे. ती कुठल्याच माणसाकडे बघत नसे. ती आईच्या सुतकाच्या कापडाकडे बघत असे.

शोरहॅमच्या किनाऱ्यावर तेव्हा काचेचा स्टुडिओ होता. भोवती नटनट्यांची घरं. घरं म्हणजे रेल्वेचे मोडीत काढलेले डबे, वाळूवर ओढून आणलेले. अशाच एका डब्यात हेटीचा संसार झाला. नवरा फ्रँक स्टुडिओत सुतार होता. तो खोट्या भिंती उभ्या करी, आणि घरी आला की खऱ्या भिंतीतून येणारा वारा अडवायला फळ्या ठोकत बसे. त्यांना मुलगी झाली, ऑलिव्ह. सगळे तिला ऑली म्हणत. डोळे आईचे. फ्रँक महायुद्धात फ्लँडर्सच्या चिखलात मेला, आणि ऑली सहा वर्षांची असताना फ्लूच्या साथीत गेली. सकाळी ताप आला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती नव्हती.

ऑलीचा एकच फोटो होता. ब्रायटनच्या फोटोवाल्याने काढलेला, हेटीच्या मांडीवर. "हलू नकोस" असं तिला तीनदा सांगितलं होतं. ती हलली. फोटोत हेटी आहे, मांडीवर पांढरा फ्रॉक आहे, आणि फ्रॉकच्या वर धुकं.

म्हणून ‘ट्रेगॅरॉकची विधवा’ हा सिनेमा एवढा मोलाचा.

त्या चित्रात ऑली होती. १९१७ च्या उन्हाळ्यातलं ते चित्र. विधवा वाळूवर गुडघे टेकून बसते, तिची लेक पाण्याकडून धावत येते, गळ्यात पडते. एवढंच. पोमफ्रेटना मूल हवं होतं, आणि ऑली तिथे वाळूत खेळतच होती. पोर धावत येते त्या वेळी तिचा चेहरा कॅमेऱ्यासमोर आहे, स्वच्छ उन्हात. ऑली मेल्यावर हेटीने ते चित्र पाहायचं धाडस केलं नाही. मग स्टुडिओ बंद पडला. चित्र गावोगाव फिरून कुठल्याशा गोदामात जाऊन पडलं. हेटीला वाटे, आहे ना कुठेतरी. धैर्य आलं की बघू.

*

१९३० च्या शरदात ती अडतीस वर्षांची होती. बेसी लग्न करून कॅनडाला गेली होती. सिनेमा बोलायला लागला होता. मधली सात वर्षं हेटीने ब्रायटनला फिल्म छापायच्या कारखान्यात तुकडे जोडायचं काम केलं होतं. बायकांची लांब बाकं, पांढरे हातमोजे. तुटलेल्या टोकाची खराब चौकट कापायची, कडेचा थर खरवडायचा, डिंकासारखं औषध लावायचं, दुसरं टोक दाबून बसवायचं. कापलेला तुकडा लगेच पाण्याच्या बादलीत. सुकी फिल्म ठिणगीनेही पेटते. जोडणारी बाई चित्र बघत नाही, ती कडेची भोकं बघते. भोकं जुळली तर चित्र आपोआप जुळतं. हेटीचा हात सगळ्यांत जलद होता. मग बोलपट आले, आणि त्या बाकावरूनही तिला घरी बसवलं.

शेजारच्या डब्यात म्युरिएल क्रॉफ्ट राहायला आली होती. तेवीस वर्षांची, साहित्यात पदवी घेतलेली, मुलींच्या शाळेत शिकवायला लागलेली. ती लहानपणी कोरल व्हेनची चित्रं बघून रडलेली होती. आता ती रोज चहाला येई आणि हेटी तिला बटाटे सोलायला बसवी.

"कविता शिकवतेस ना? मग साल जाड का काढतेस?" हेटी म्हणे.

"त्याचा काय संबंध, मिसेस टॅपसेल?"

"मला काय माहीत! तूच पदवीवाली."

एका शनिवारी सकाळी दोघी दारात बसल्या असताना आल्फ डकेट गाडी घेऊन आला. भंगार वाहणारा म्हातारा. स्टुडिओच्या काळात तो खोट्या वादळासाठी पाण्याच्या बादल्या फेकायचा. हेटीला तो तेव्हापासून चिडवत असे.

"राणीसाहेब, चहा आहे का गरिबाला?"

"गरिबाला आहे. तुला नाही."

त्याने चहा घेतला. मग म्हणाला, "हेटी, तुला सांगावं की नाही कळत नाही."

"सांग. आता मला कुणी काही सांगायचं राहिलंय थोडंच?"

"वितरकांनी गोदामं रिकामी करायला काढलीत. मुकी चित्रं सगळी. नदीपलीकडच्या भट्टीवर चाललीत. सोड्याच्या पाण्यात उकळतात, वरची चांदी काढून घेतात. खाली उरतं ते कोरं, काचेसारखं. त्याचे कंगवे होतात." त्याने पेला खाली ठेवला. "काल माझ्या गाडीत पोमफ्रेटच्या फिल्मचे डबे होते. ट्रेगॅरॉक होतं त्यात."

हेटीच्या हातातला बटाटा वाळूत पडला.

"दुसरी प्रत?"

"नाही. मी विचारलं. हीच शेवटची. बाकीच्या कधीच कंगवे झाल्या."

हेटी उठली. ॲप्रन सोडायचंही भान नव्हतं. "गाडी फिरव, आल्फ."

"अगं, आज मी सुट्टीवर..."

"आल्फ. गाडी फिरव."

म्युरिएलही चढली. वाट नदीच्या कडेने जात होती. वाटेत एकदा हेटी म्हणाली, "मी बघायला घाबरत होते. मला वाटलं, ते राहील."

*

भट्टी म्हणजे पत्र्याची लांब शेड. आत वाफ, आणि कुजक्या अंड्यासारखा वास. एका बाजूला पोत्यांवर कोऱ्या पारदर्शक फिती पडलेल्या, ढीगच्या ढीग. म्युरिएलने एक फीत उचलून उजेडात धरली. तिच्यावर काहीच नव्हतं.

मुकादम गजन हा मोठ्या पोटाचा, सावकाश बोलणारा माणूस. त्याने हेटीचं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं.

"बाई, मला सगळं समजतं. मला पण पोरं आहेत. पण करार असा आहे, कुऱ्हाड लागल्याशिवाय इथली एक फूटही बाहेर जात नाही. कुणीतरी ती नेऊन परत दाखवली तर वितरक माझी मान पकडतील."

"मी कुणाला दाखवणार? माझी मुलगी आहे तिच्यात."

"सगळ्यांचं कुणीतरी असतंच कुठल्यातरी डब्यात," गजन म्हणाला. त्याच्या आवाजात कुत्सितपणा नव्हता. त्याने हनुवटी खाजवली. "एक होईल. कुऱ्हाड लागू दे. कुऱ्हाडीनंतर ती फिल्म राहत नाही, कचरा होतो. कचऱ्याला मालक नसतो. तो तुम्ही न्या."

"कुऱ्हाड?" म्युरिएल म्हणाली. "अहो, पण मग..."

हेटीने तिचा दंड दाबला. "चालेल," ती गजनला म्हणाली. "मला जोडता येतं."

डबे आणले गेले. आल्फने तिसरं रीळ शोधलं. किनाऱ्याचा प्रसंग तिसऱ्यात होता, हेटीला पक्कं आठवत होतं. रीळ ओंडक्यावर आडवं ठेवलं. एका माणसाने कुऱ्हाड उचलली. हेटी म्हणाली, "हळू मारा." तो बुचकळ्यात पडला. कुऱ्हाड हळू कशी मारणार?

घाव कडेपासून मध्यापर्यंत गेला. रीळ उघडलं, चिरलेल्या कोबीसारखं. प्रत्येक वेढा एकेका जागी तुटला. हेटीने ॲप्रनचा ओचा धरला आणि तुकडे ओंजळीने त्यात भरले. जमिनीवर पडलेलेही उचलले. गजन दुसरीकडे बघत होता.

*

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळपासून दोघी डब्याच्या खिडकीशी बसल्या. दिवा लावायचा नाही, चूल पेटवायची नाही. खिडकीतून समुद्राचा करडा उजेड येत होता. बसल्या जागी बोटं गारठली.

काम वाटून घेतलं. म्युरिएलने तुकडे उजेडात धरून क्रम लावायचा, हेटीने जोडायचं. हात लांब केल्यावर मावेल एवढा एकेक तुकडा. विधवा चर्चमधून येते. विधवा पत्र फाडते. ते बाजूला. मग वाळू आली.

"सापडलं," म्युरिएल कुजबुजली. "मिसेस टॅपसेल, ही बघा. धावतेय."

"दे इकडे."

हेटीने तुकडा घेतला आणि मान खाली घातली. तिने बघितलं नाही. तिला ऑली अशी बघायची नव्हती, नखाएवढी, मुंगीसारखी. तिला ती पडद्यावर बघायची होती, चालती, मोठी. ब्रायटनच्या एका जुन्या थिएटरात मिस्टर स्ट्रिंजर यंत्र चालवत. त्यांचं मुकं यंत्र अजून मोडीत गेलं नव्हतं. उद्या सकाळी, खेळाच्या आधी, ते लावून देणार होते.

हेटीचे हात चालू झाले. कापणं, खरवडणं, लावणं, दाबणं. कुऱ्हाडीने चिरडलेल्या चौकटी ती कात्रीने उडवी आणि तुकडे पायाशी ठेवलेल्या बादलीत टाकी. सोमवारच्या धुण्यासाठी शनिवारीच सोडा घालून ठेवलेलं पाणी होतं. बादली तिच्याकडे एकच होती. सात वर्षांच्या सवयीने हात आपोआप बादलीकडे जात होता.

एका जागी घाव तिरका पडला होता. दोन्ही टोकं फाटली होती. म्युरिएलने ते टोक डोळ्यांजवळ धरलं.

"इथे ना, ती गळ्यात पडलीय, आणि मग ती तुमच्याकडे..."

"चित्र नको बघूस, पोरी. भोकं बघ. भोकं फाटलीत का?"

"हो, फाटलीत."

"किती?"

"तीन-चार चौकटींची."

"मग जातील त्या. फाटकं भोक यंत्रात अडकतं, आणि अडकलं की पेटतं." कात्री वाजली. चार चौकटी बादलीत पडल्या. "पुढचं दे."

म्युरिएलने पुढचं दिलं. त्यानंतर ती भोकंच बघत राहिली. तिला तसं सांगितलं होतं.

उजेड मावळायच्या आत काम झालं. हेटीने हातमोजे काढले. "कारखान्यातल्या बाईने बघितलं असतं तर म्हणाली असती, एकही सांधा दिसत नाही." कित्येक महिन्यांत म्युरिएलने तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

*

सोमवारी सकाळी म्युरिएलने शाळेला आजारी असल्याचा निरोप धाडला. थिएटर रिकामं होतं, खुर्च्यांखाली शेंगांची टरफलं होती. मिस्टर स्ट्रिंजर वरच्या यंत्राच्या खोलीच्या खिडकीतून डोकावले.

"ऐका, हेटी. फिल्म आकसलीय. मी एकदा सोडली की थांबवता येणार नाही. मधेच ‘थांबवा, थांबवा’ असं ओरडायचं नाही. दिव्यासमोर थांबली तर क्षणात भडका."

"मला माहीत आहे हो. मलाच शिकवताय?"

"तुम्हालाच शिकवावं लागतं. धंद्यातलीच माणसं चुका करतात."

दिवे गेले.

वाळू. समुद्र. हेटी, पंचवीस वर्षांची, काळ्या शालीत गुडघ्यांवर. आणि लांबून एक पांढरा ठिपका, जो मोठा होत होत ऑली झाला.

हेटीने म्युरिएलचा हात धरला, इतका की हाडं आवळली गेली.

ऑली धावत आली. एक मोजा खाली घसरलेला. तो घसरायचाच. ती गळ्यात पडली. दोघींचे चेहरे जवळजवळ, उन्हात. विधवेचे डोळे काळेभोर, व्याकूळ, दूर कुठेतरी लागलेले. आणि ऑलीचेही. ऑलीही दूर बघत होती. आई बघत होती त्याच दिशेला, आईसारखंच तोंड करून.

"ती मखमलीकडे बघतेय," हेटी म्हणाली.

तिला आठवलं. त्या सकाळी तिने ऑलीला खांद्यांना धरून बजावलं होतं. मावशीच्या हातातल्या काळ्या मखमलीकडे बघ, ऑली. माझ्याकडे नाही बघायचं. माझ्याकडे बघितलंस तर सगळं पुन्हा करायला लागेल. ऑलीने विचारलं होतं, थोडंसं पण नाही? हेटी म्हणाली होती, थोडंसं पण नाही.

पडद्यावर ऑलीची हनुवटी हलली. ती आईकडे वळायला लागली. पापण्या वर उचलल्या.

चित्राने एक धक्का खाल्ला.

ऑली पुन्हा मखमलीकडे बघत होती. ओठ मिटत होते, नुकतंच काहीतरी म्हणून झाल्यासारखे. मग ढग, मग पांढरा उजेड, मग संपलं.

"पुन्हा लावा," हेटी म्हणाली.

"हेटी, सांधे..."

"पुन्हा लावा!"

त्यांनी पुन्हा लावली. मोजा, धाव, मिठी. हनुवटी हलली. धक्का. या वेळी तिथेच सांधा सुटला, आणि स्ट्रिंजरनी झडप टाकून दिवा झाकला. अंधारात त्यांचा आवाज आला, "आता नाही. आता मी लावणार नाही. उरलंय ते तरी घरी न्या."

पण हेटी जागेवर नव्हती. दार उघडंच हेलकावत होतं.

*

म्युरिएल पोचली तेव्हा हेटी डब्याच्या फरशीवर गुडघ्यांवर बसली होती. बादली दोन्ही पायांच्या मध्ये. बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या. पाणी राखेच्या रंगाचं झालं होतं. ती एकेक तुकडा काढून टेबलावर ठेवत होती, बोटाच्या टोकाने, हळुवार, जसं काही ते दुखतील. टेबलावर ओळ लागली होती.

सगळे कोरे होते.

हेटीने एक उचलला आणि खिडकीशी धरला. त्यातून समुद्र दिसला, जसाच्या तसा, एक बोट जाताना. तिने तो ठेवला, दुसरा धरला. पुन्हा समुद्र.

"तिने बघितलं होतं," हेटी म्हणाली. "मी नको म्हटलं होतं, तरी बघितलं. मग घाबरून परत तिकडे बघायला लागली. तेरा वर्षं होती ती तिथं. कुऱ्हाडीतूनही वाचली होती. मी कापली."

"तुम्हाला कुठे माहीत होतं..."

"भोकं बघितली मी."

म्युरिएल दाराशीच उभी होती. पुढे यावं की नाही हे तिला कळत नव्हतं.

हेटीने मान वळवली. फिके निळे डोळे, आतली बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी.

"तू बघितलंस. काल, खिडकीशी. तू म्हणत होतीस, ती तुमच्याकडे... पुढे काय?"

"तुमच्याकडे बघत होती."

"ते मला माहीत आहे. कशी बघत होती? हसत होती का?"

म्युरिएलने डोळे मिटले. खिडकी आठवली. गार बोटं आठवली. फाटलेली भोकं अगदी स्पष्ट आठवली, एक, दोन, तिसरं अर्धवट. त्यांच्यामधला चेहरा नखाएवढा होता आणि तिने तो पुरता बघायच्या आत नजर काढली होती. हो म्हणायला एक शब्द पुरला असता. ती शब्दच तर शिकवत होती.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "मला खरंच माहीत नाही, मिसेस टॅपसेल."

हेटीने मान हलवली. रागावली नाही. तिने पुन्हा बादलीत हात घातला आणि तळाशी बोटं फिरवत राहिली, एखादा राहिला असेल म्हणून.